आवळा सुपारीच्या दोन डब्या

नीलाताईंचा फोन आला तेव्हा मी इंदिरानगरला बिल्डिंगखाली गाडी धूत होतो. मॅडमना दुपारी दवाखान्यातून घरी आणायचं होतं, म्हणून मागच्या सीटवर त्यांची उशीसुद्धा ठेवली होती. नीलाताई म्हणजे मॅडमच्या धाकट्या बहीण. म्हणाल्या, "मनोहर, आता घाई करू नकोस. ताई गेली." फोन ठेवला आणि राहिलेली गाडी धुतली. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

याला आता महिना होत आला. डॉ. सुलभा मॅडमनी सगळं आयुष्य एचआयव्हीच्या विषाणूमागे घातलं. बाहेरगावी मोठ्या प्रयोगशाळेत होत्या, निवृत्त झाल्यावर नाशिकला बहिणीजवळ राहायला आल्या. मी भंडाऱ्याकडचा, सातवीत शाळा सुटलेला. इथे माझं कोणी नाही. मिळेल त्याची गाडी चालवायचो, मॅडमनी कायमचं ठेवून घेतलं. त्यांच्या संशोधनाबद्दल शिकलेली माणसं लिहितीलच. मला जे कळलं ते गाडीत कळलं. कॉलेजांमध्ये त्यांची व्याख्यानं असायची, आणि परतीच्या वाटेवर बोलणं चालूच राहायचं, जसा काही मीही वर्गातच बसलेला. एका औषधावर त्यांनी कित्येक वर्षं काढली होती. काचेच्या भांड्यात ते विषाणूला नीट अडवायचं, पण उंदरांना दिलं की त्यांचं यकृत खराब व्हायचं. "मग हो?" मी विचारलं. "मग काय, बंद. एका पोराने आधीच पेढे आणून ठेवले होते. ते काही टाकले नाहीत आम्ही." पुढे त्या औषधं निकामी का होतात ते शोधायला लागल्या. येवल्याहून येताना म्हणाल्या, "हा विषाणू फार घाईने स्वतःच्या नकला काढतो रे. घाईत चुका होतात. त्या चुकलेल्यांत एखादा असा निघतो की औषधाला जुमानत नाही. माणसाने गोळ्या चुकवल्या की त्याचंच फावतं."

मी गाडी जरा हळू केली. कारण त्या गोळ्या मी घेतो. बरं वाटतंय म्हणून तेव्हा मधूनमधून सोडायलाही लागलो होतो. त्या दिवसापासून एकही सोडली नाही. आज मी धडधाकट आहे तो त्या येवल्याच्या रस्त्यामुळे. पण मॅडमना हे कधी सांगितलं नाही... आधीच्या मालकाला कळलं तेव्हा आधी माझा कप वेगळा झाला, मग काम गेलं. मॅडम तशा नव्हत्या, हे मला चांगलं माहीत होतं. या आजाराला न घाबरणारं माणूस म्हणजे त्याच. तरी तोंड उघडेना.

गोळ्या मी आवळा सुपारीच्या डबीत घालून गाडीच्या खणात ठेवायचो. एकदा कसाऱ्याच्या घाटात मॅडमना मळमळायला लागलं. पुढेच बसल्या होत्या. खण उघडून त्यांनी डबी उचलली आणि ती खुळखुळली. मी घाईने म्हटलं, "मॅडम, ती नका खाऊ, बुरशी आलीय तिला." त्यांनी डबी एकदा हलवली, माझ्याकडे बघितलं आणि होती तिथे ठेवून दिली. "बरं," एवढंच. पुढच्या खेपेला नवी डबी घेऊन आल्या आणि माझ्या डबीशेजारी ठेवली. "ही माझी. तुझी तुझ्याजवळ राहू दे."

शेवटचं व्याख्यान सायखेड्याला झालं. एका मुलीने उठून विचारलं होतं, मॅडम, तुम्ही किती पेशंट बरे केले? ते त्यांना लागलं असावं. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "एकही नाही रे, मनोहर. मी रक्ताच्या नळ्या पाहिल्या, त्यांवरचे नंबर पाहिले. गोळी घेऊन कामाला जाणारा, जेवणारा, हसणारा माणूस काही पाहिला नाही. एक तरी बघायला हवा होता."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. गिअर बदलला आणि म्हटलं, "चहा घेऊ या का, मॅडम?"

"घेऊ की."

चहा घेतला. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. मग त्या आजारी पडल्या. दवाखान्यात सारखी माणसं असायची, म्हणून ठरवलं की घरी आणताना गाडीत सांगायचं... त्या दिवशी मी ती गाडी धूत होतो.

मागच्या आठवड्यात नीलाताईंना बँकेत नेत होतो. त्यांनी खण उघडला. "ताईची सुपारी आहे वाटतं अजून. आणि ही दुसरी?"

"माझ्या औषधाची."

"सुपारीच्या डबीत औषध? कसलं रे?"

या वेळी मी सांगितलं. सिग्नल सुटला. त्या हळूच म्हणाल्या, "ताईला सांगायचं होतंस रे."

दोन्ही डब्या अजून खणातच आहेत. गतिरोधक आला की वाजतात. सुपारीची नुसती सळसळते, गोळ्यांची खुळखुळते. आवाजातला फरक मलासुद्धा कळतो. मग घाटात डबी हलवून बघणाऱ्या मॅडमना तो कळला नसेल, असं आता वाटत नाही. त्यांनी विचारलं नाही. मी सांगायची वाट बघत राहिल्या.