संगमरवरात उमटलेली आठी

कोलकात्यात सॉल्ट लेकला राहणाऱ्या भावाच्या घरून निघाल्यापासून आई गप्प होती, आणि आई गप्प म्हणजे आमची काही धडगत नाही. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या अण्णांचा, आमच्या वडिलांचा, अर्धपुतळा भावानं कोलकात्यातच करायला दिला होता, आमच्या वाईच्या शाळेत बसवायचा म्हणून. "फोटो बघून का माणूस कळतो?" हे पालुपद आईनं वाईपासून लावलं होतं. तिला त्यात अण्णा दिसलेच नाहीत तर, या धास्तीनं मी पार सुकले होते.

मेट्रोनं सियालदह, तिथून टॅक्सीनं चितपूर. सियालदहच्या गर्दीत आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा ती रेल्वेपासून जावयापर्यंत सगळ्यांना बोलली. मला जरा हायसं वाटलं.

शिल्पकार पालबाबू साठीचे, हिंदी आमच्याइतकंच मोडकं. पुतळ्यावरचं फडकं काही काढेनात. भाँडातून (मातीच्या पेल्यातून) चहा दिला, संदेश नावाची बंगाली मिठाई दिली आणि दगडच दाखवत बसले. शंखजिऱ्याच्या दगडावर नखानंही ओरखडा उठतो. वाळूच्या दगडाचे कण झडतात, नाकाची धार टिकत नाही. मी आमच्याकडच्या काळ्या पाषाणाचं नाव काढलं.

"तो छिन्नीचं तोंड मारतो, दीदी. पण पोटात काही ठेवत नाही. संगमरवर ठेवतो."

"काय ठेवलंय?" आईनं विचारलं.

शेवटी फडकं निघालं. शुभ्र चेहरा, आणि दोन भुवयांच्या मधोमध उभी करडी शीर.

"वरून दिसत नव्हती, माशिमा (मावशी). कोरता कोरता आली. दुसऱ्या दगडात करून देतो."

आईनं पदरानं पुतळ्याचं कपाळ पुसून पाहिलं. रेघ हलली नाही. मग ती समोर स्टूल ओढून बसली आणि हसायलाच लागली.

"अगं, आमटीत मीठ कमी पडलं की हे अस्सेच बघायचे. त्या मेल्या फोटोवाल्यानं आठी पुसून टाकली होती. बरं झालं, आली परत."

पालबाबूंनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. मी उरलेले संदेश संपवले.

वाईला परत आल्यावर लोक विचारतात, इथे काय दगडांना तोटा होता? नव्हता. पण आमचा काळा पाषाण पोटातून असली आठी कुठून काढणार?

शाळेत जाण्याआधी पुतळा दोन दिवस घरी होता. आईनं त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं, क्षणभर आठीकडे पाहिलं आणि निमूटपणे आत जाऊन मिठाची वाटी घेऊन आली.