एक भिंत काळी, एक निळी

मिस्त्री कुठल्याही वस्तूवर एकदम विश्वास ठेवत नसत. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ते तिच्यावर दोनदा टकटक करत, मान तिरपी करून कान लावत आणि म्हणत, "थांबा, आतनं काय म्हनतंय बगू." मग ती फळी असो, पत्रा असो, बाजारातलं कलिंगड असो, नाहीतर त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, तव्यावरून नुकतीच उतरवलेली भाकरी असो. एकदा मला खोकला झाला होता, तर माझ्या पाठीवरही टकटक करून त्यांनी निकाल दिला, "छातीत कायबी न्हाई. आल्याचा चा प्या." निकाल बरोबर निघाला, हे मला कबूल करावं लागलं.

आष्ट्याच्या बाहेर, सांगली रस्त्याला त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार खांबांवर पत्रे आणि खाली भुसा. तिथे त्यांचा एक कायदा चालायचा. बॉडी तयार झाली की गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी मिस्त्री स्वतः मागे चढून बसत. गाडी पुलापर्यंत जाऊन परत यायची, आणि तेवढ्या वाटेत कुठली फळी कुरकुरते, कुठला बोल्ट वाजतो हे ते डोळे मिटून ऐकत. "बांदनाऱ्यानं आदी बसायचं," ते म्हणत, "मग गिऱ्हाइकानं." पै-पाहुण्यांतलं, घाईचं गिऱ्हाईक असलं तरी हा कायदा मोडत नसे.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा बाजारचा चष्मेवाला होतो. पलूसपासून पाटणपर्यंत बाजार धरून फिरायचो. काचांच्या दोन पेट्या एसटीच्या टपावर आणि जीव पेट्यांत. अशात एका सरकारी लिलावात मला एक जुना ट्रक मिळाला. गोल नाकाचा, जवळपास माझ्याच वयाचा, आणि पाठीवर चक्क लाकडाची खोली. कधीकाळी जमीन-मोजणीची माणसं रानात मुक्कामाला जाताना तो नेत असत. आत दोन घडीचे पलंग, स्टोव्हचा कट्टा, एक खिडकी. त्यातच राहायचं, त्यातच शिजवायचं आणि त्यातच लोकांचे डोळे तपासायचे, असा माझा बेत. "आता गाडीत संसार मांडा," असं बायको म्हणाली, पण पडदे तिनेच शिवले.

मिस्त्रींनी ती खोली अख्खी दुपार टकटक करून ऐकली. बाहेरून फळ्या काळ्या पडल्या होत्या, कोपरे भुग्यासारखे झाले होते. मी मनातून खचलो होतो. शेवटी ते खडू खिशात टाकत म्हणाले, "डाक्टर, वरनं गेलंय, आतनं शाबूत हाय. सागवान हाय ह्ये. मरत न्हाई." मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभर वेळा सांगून झालं होतं.

अडीच महिने काम चाललं. करवतीची मशीन वर्षभर बंदच होती, सगळं हातकरवतीने. कुजलेलं काढलं, छपराला नवा पत्रा आला, पलंगाचा दिवसा बाक होईल अशी बिजागरी बसली, गॅसची शेगडी ठेवायला जाळीचं कपाट झालं. मिस्त्री मोजायला टेप वापरत नसत. त्यांच्याकडे गाठी मारलेली एक दोरी होती, तिच्यावर बोटं फिरवून ते माप घेत. मी विचारलं तर म्हणाले, "टेपवरचं आकडं कापडवाल्याला. लाकडाला दोरी." मला हे इतकं आवडलं की मी चार लोकांना सांगितलं.

एक अडचण होती. डोळे तपासायचा तक्ता माणसापासून वीस फुटांवर लागतो आणि खोली जेमतेम दहा फूट. मिस्त्री म्हणाले, "सलूनवाल्यागत आरसा लावा की. तक्ता डोक्याच्या मागं, आरसा म्होरं. जाऊन येऊन वीस हुत्यात." मी त्या बुद्धीला हात जोडले. आरसा लागला, त्या दिवशी मी त्यांना खुर्चीजवळ उभं करून विचारलं, "दिसतोय का तक्ता?" ते म्हणाले, "आरसा सरळ बसलाय." मी विचारलं काय आणि ते बोलले काय, हे तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नाही.

खुर्चीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती काळ्या हव्यात, उजेड अंगावर परतायला नको, असं मी सांगून ठेवलं होतं. दोन दिवसांनी दार उघडून बघतो तर डावी भिंत काळी आणि उजवी निळी. चांगली शाईसारखी गडद निळी. मला हसू आलं. म्हटलं, "मिस्त्री, ही निळी कशाला मारली?"

ते पुढे झाले, भिंतीवर हात फिरवला, दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, "रंग बसलाय चांगला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाठींची दोरी. आरशाचं उत्तर. गेल्या वर्षापासून बंद ठेवलेली करवतीची मशीन. आणि हे टकटक तर होतंच. चौदा वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत डोकावून पोट भरत होतो, आणि अडीच महिने या माणसासमोर बसून चहा पिताना त्याच्या बाहुलीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच.

"मिस्त्री, खुर्चीत बसा," मी म्हणालो.

"गाडी बगायला आलायसा, गाडी बगा." ते दारातून खाली उतरले. पायरीवर पाय चाचपडला तो मी आता पाहिला. खाली उभं राहून त्यांनी एवढंच सांगितलं, "तपासलं की नाव पडतंय, डाक्टर. नाव पडलं की ते घरात शिरतंय."

दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या घरी आल्या. पाणीसुद्धा न घेता बोलायला लागल्या. "भावजी, त्यो डबा माज्यामुळं चुकला. रंगाचं डबं मीच काडून देते. परवा पलूसला लेकीकडं गेल्ते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मिस्त्रींच्या वडिलांचे डोळे काचबिंदूने गेले होते. तेही मिस्त्रीच. शेवटची बारा वर्षं ते दारात बसून असत, मांडीवर रंधा घेऊन, त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत. पोराने अर्ध्यावर शाळा सोडून कारखाना धरला तो तेव्हापासून. "ह्यांला वाटतंय, बापाचंच आलं. म्हनून तपासत न्हाईत. मला म्हनत्यात, जवर कळत न्हाई तवर मी मिस्त्री हाय."

मी त्यांना काय सांगणार? मला चष्म्याचा नंबर काढता येतो, त्यापुढचं डॉक्टरांचं. पण एक गोष्ट मला माहीत होती. काचबिंदू माणसाची बाजूची नजर आधी खातो, आणि गेलेली नजर परत देत नाही. मोतीबिंदू नुसता पडदा धरतो, मागचं सगळं जागच्या जागी असतं. दोन्हींपैकी काय आहे याचा अंदाज हातातल्या बॅटरीने घेता येतो. फक्त माणूस खुर्चीत बसायला हवा.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम विचारलं, "मिस्त्री, तुमचा कायदा काय?"

"बांदनाऱ्यानं आदी बसायचं."

"मग बसा."

ते मागे चढले आणि बाकावर बसले. पुलापर्यंत जाऊन आलो. एक फळी कुरकुरली नाही. परत आल्यावर मी मागे चढलो, दार ओढून घेतलं, पडदा सोडला. "मिस्त्री, हा ट्रक बाकासाठी नाही बांधला," मी म्हणालो. "या खुर्चीसाठी बांधला. तुमच्याआधी गिऱ्हाईक बसलं तर कायदा मोडेल."

ते बाकावरून उठले. मग चाचपडत आले आणि खुर्चीत बसले, हजामाकडे पहिल्यांदा नेलेल्या पोरासारखे, दांडे घट्ट धरून.

बाहुली ताकासारखी पांढरी होती. दुसरीही, थोडी कमी. मी त्यांचा डावा डोळा झाकला, बॅटरी वर धरली आणि म्हटलं, "उजेड कुठून येतोय ते बोटाने दाखवा." बोट वर गेलं. बॅटरी खाली नेली, बोट खाली आलं. नाकाकडून धरली, कानाकडून धरली. बोट एकदाही चुकलं नाही. दुसरा डोळाही तसाच. मी खात्रीसाठी सगळं पुन्हा केलं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "वरनं गेलंय. आतनं शाबूत आहे."

"म्हंजी बापाचं न्हाई?"

"मला तरी तसं दिसत नाही. मोतीबिंदू आहे. पक्कं मिरजेचे डॉक्टर सांगतील."

ते उठले, दार उघडून पायरीवर बसले. वहिनी खाली उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. मिस्त्री त्यांना म्हणाले, "चा टाक. साखर टाक जरा." वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे गेल्या. त्या दिवशी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं स्वतःच्या कुठल्या सुखानेही वाटलेलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. त्यांच्या जाड काचा मीच घासून बसवल्या. चष्मा लावून पहिल्यांदा आले ते थेट गाडीत चढले, आणि आतून आवाज आला, "आरं, ह्ये निळं कुनी मारलं?"

"तुम्हीच."

"आन् तुमी तसंच फिरवताय व्हय बाजारानं? नाव माजं जातंय की." ते खरंच चिडले होते. "काळा डबा आनतो. आर्ध्या तासाचं काम हाय."

मी रंगवू दिलं नाही. पुढची कित्येक वर्षं भेट झाली की ते आधी तेवढंच म्हणत, आर्ध्या तासाचं काम हाय. मशीन परत सुरू झाली, टेप आला. टकटक मात्र गेली नाही. मी एकदा टोकलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "डोळ्याला वरचंच दिसतंय, डाक्टर."

आता मिस्त्री नाहीत. चांगलं वय होऊन, भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचत गेले. गाडीही थकली. आमच्या परसात उभी आहे, तिचे पडदे अजून बायको धुते.

मागच्या महिन्यात काही कामाने मी तिचं दार उघडलं आणि थबकलो. दोन्ही भिंती काळ्या होत्या. पहिला विचार काय आला सांगू? अखेर येऊन मारून गेले वाटतं. मी उभ्या उभ्या हसलोसुद्धा. मग हसू जागच्या जागी राहिलं, आणि मी बायकोला हाक मारली.

"ही भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"निळी की," ती म्हणाली. "आवं, आसं काय इचारताय?"

गेलं वर्षभर मी घरातला बल्ब कमजोर आहे म्हणून भांडत होतो. तपासलं नव्हतं. तपासलं की नाव पडतं.

मी खुर्चीत बसलो. बॅटरी तिच्या हातात दिली, पडदा सोडायला सांगितला आणि एक डोळा झाकून घेतला. "धर कुठूनही," मी म्हणालो, "मी बोट दाखवतो." उजेड वरून आला, मी बोट वर केलं.

"बरुबर," ती म्हणाली.