आयरिश काकांचा चौकोन

दारावर कुणी टकटक केली की आयरिश काका आधी रेडिओ बंद करायचे, मग पडद्याच्या फटीतून बघायचे. ओळखीचं कुणी असेल तरच दार उघडायचे. अमेरिकेत, हर्नडनला आमच्या शेजारच्या घराच्या बेसमेंटमध्ये ते एकटे राहत, सुतारकाम करत. व्हिसा संपून वीस वर्षं झाली होती. माझ्या मुलीने त्यांना 'काका' केलं आणि तेव्हापासून आमच्याकडचे रविवारचे पोहे त्यांच्या हक्काचे झाले.

त्यांची बहीण इंग्लंडमध्ये नर्स होती. २००१च्या तिकडच्या जनगणनेत 'आयरिश' असा वेगळा चौकोन पहिल्यांदाच आला, आणि त्यात खूण केल्याचं तिने पत्राने कळवलं होतं. ते पत्र त्यांनी मला कितीदा तरी वाचून दाखवलं. "आयुष्यभर तिला तिथे परकी म्हणून हिणवलं. आता सरकारच विचारतंय, तू कोण? केवढी गोष्ट आहे!"

२००५च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्त्यावरही सरकारी पाहणीचा फॉर्म आला. वंश कोणता, या प्रश्नापुढे रिकामी ओळ होती. काकांनी सुबक अक्षरांत 'आयरिश' लिहिलं आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"काका, पाठवून द्या ना. ही माहिती ते कुणाला देत नाहीत," मी म्हटलं.

"तुझ्याकडे व्हिसा आहे, पोरी."

फॉर्म परत गेला नाही म्हणून काही आठवड्यांनी पाहणीवाली बाई आमच्या दारात आली. काका तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते. शेजारी खाली कोण राहतं, असं तिने मला विचारलं. मी दारातूनच सांगितलं, "कुणी नाही."

आत आले तर काका कप विसळत होते. "बरोबर बोललीस," ते म्हणाले. पण वळून बघितलं नाही.

त्याच हिवाळ्यात काकांना आयर्लंडहून आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. इतकी वर्षं व्हिसाशिवाय राहिल्यामुळे एकदा गेले की दहा वर्षं अमेरिकेत परत येता येणार नव्हतं. तरी गेले. पोचले तेव्हा आईला पुरून दोन दिवस झाले होते.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला. आयर्लंडच्या जनगणनेतही या वेळी वंश विचारला होता. "केली खूण," ते म्हणाले. "पण गावात मला सगळे यँकी, अमेरिकन म्हणतात. माझं बोलणंच त्यांना परकं वाटतं." मग त्यांनी विचारलं, "तिकडे कुणी माझी आठवण काढतं?"

बेसमेंटमध्ये नवे भाडेकरू आले होते. माझी मुलगीसुद्धा हल्ली त्यांचं नाव काढत नव्हती.

"सगळे काढतात, काका."

"कोण कोण?" त्यांनी उत्सुकतेने विचारलं.