डबीतले शंकरपाळे

बाबा गेल्यावर मी आईला उमरेडहून नागपूरला, प्रताप नगरमधल्या माझ्या घरी आणलं. आठ महिने झाले तरी ती एकटी फाटकाबाहेर पडली नव्हती. फिरून ये म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मले कोण ओळखते इथं?" मला तिची काळजी वाटायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

त्याच सुमारास मी जिओकॅशिंगच्या नादी लागले. कोणी अनोळखी माणूस कुठेतरी डबी लपवतो आणि जागेचा पत्ता फोनवरच्या ॲपमध्ये टाकतो. आपण ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होती तिथेच ठेवून द्यायची. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, असं आईने विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

एका रविवारी सकाळी तिला ओढतच जवळच्या बागेत नेलं. डबी पाच मीटरवर आहे, असं फोन सांगत होता. वटपौर्णिमेला कधी मारल्या नाहीत इतक्या चकरा मी एका कडुनिंबाभोवती मारल्या. आपण काय शोधतोय हे कोणाला कळू द्यायचं नाही, असा या खेळाचा नियम आहे. नागपूरच्या बागेत तो पाळून दाखवावा कोणी. एका काकांनी विचारलंच, "काय हरवलं मॅडम?" मी घाईत म्हटलं, कानातलं. झालं. काका वाकले, योगासनं सोडून दोन बायका धावल्या आणि तिघांनी मिळून गवत विंचरून काढलं.

बाकावरून आई शांतपणे म्हणाली, "तुह्या दोन्ही कानात तं हायेत वं."

मदतनीस हिरमुसून गेले. मग आईने बाकामागच्या दगडी बांधाकडे बोट दाखवलं. "तो गोटा पाह्य. बाकीच्यायवर माती हाये, त्याच्यावर नाही." त्याच्याच मागे डबी होती. मी अर्धा तास फोनकडे बघत होते.

आत छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा, बाकी काही नाही. नाव लिहून मी डबी परत ठेवणार, तर आईने हात धरला. "लोकाचा डबा रिकामा काहून देऊन राहिली?" खाण्याचं ठेवायचं नाही, मुंग्या लागतात, हा नियम मी तिला समजावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डबी पिशवीत टाकली. घरी आल्यावर घासली, पुसली, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा शंकरपाळे तळले. संध्याकाळी ते प्लॅस्टिकच्या पन्नीत घट्ट बांधून, वहीसकट डबीत घालून आम्ही जागेवर ठेवून आलो.

मग रोजचं सुरू झालं. "कोणी खाल्ले असतीन का वं?" मी म्हणायचे, मुंग्यांनी. "फोनमंदी पाह्य ना." फोनमध्ये शंकरपाळे दिसत नाहीत, जाऊनच बघावं लागतं, असं मी सांगितलं. आणि मला ऑफिस असतं.

गुरुवारी घरी आले तर दाराला कुलूप. आईला फोन लावला, तो आत वाजला. माझ्याकडे किल्ली नव्हती. ती बाळगायची वेळच आली नव्हती. मी पायरीवर बसले. ती कुठे गेली असेल ही काळजी होतीच, आणि तरी इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

अर्ध्या तासाने ती आली, घामेजलेली. "संपले," म्हणाली. "वहीत लिवलं हाये कोणीतरी, आणखी ठेवा म्हणून. सरक, कुलूप खोलू दे."