घोडीचा गुडघा

तुरुंगातल्या बायका तिला घोडी म्हणायच्या. तोंडावर नाही, पाठ वळली की. ती होतीच तशी उंच, लांब टांगांची, बराकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचा वाजवत जाणारी पहारेकरीण. नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "गाढवीण तर नाही ना म्हणत? मग चालेल."

मनातून तिला ते आवडलंच होतं, कारण ती खरोखरच पळायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर सुरुवात केली, ती सवय सुटलीच नाही. ड्यूटीच्या आधी कालव्याच्या कडेने थोडं, आणि सुट्टीच्या दिवशी पार जुन्या पुलापर्यंत जाऊन परत. शर्यतीत कधी उतरली तर मधल्या घोळक्यात यायची आणि तेवढ्यावर खूष असायची. दिवसभर शिव्या, रडणं आणि दारांची आदळआपट ऐकून डोक्यात जे साचायचं, ते त्या रस्त्यावर सांडून ती घरी यायची. नवरा शिंपी होता, घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं दुकान. ती घामाघूम होऊन आत शिरली की तो मशीनवरून मान वर न करता विचारायचा, "किती जणींना सोडून आलीस?" ती म्हणायची, "सगळ्यांना."

मग तो बादलीचा दिवस आला.

उन्हाळा होता, नळाला करंगळीएवढी धार होती आणि जेवणाच्या शेडमध्ये दोघी जणी एका लोखंडी बादलीवरून भिडल्या. ती शिट्टी फुंकत मध्ये पडली. एकीचा हात पिरगाळला, दुसरीला ढकललं, आणि तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी तिचा अंबाडा धरून खाली खेचलं. क्षणात सगळी शेड उठली. कुणाचं कुणाशी वैर होतं ते कुणालाच कळेना. ताटं उडाली, डोकी फुटली. बाहेरच्या पहारेकरणीने नियमाप्रमाणे फाटकाला कुलूप घातलं. घोडी आत होती.

"उघड! मी आत आहे!" ती ओरडली.

"मोठ्या बाई आल्याशिवाय नाही उघडता येत गं," बाहेरची रडत म्हणाली. पण उघडलं नाही.

दोघींनी तिचे हात दाबून धरले. एकीने तोंडावर लाथ घातली, तेव्हा जबड्यात काहीतरी सरकलं. आणि मग जिला सगळ्या मांजरी म्हणायच्या, ती आली. बारीक अंगाची, घाऱ्या डोळ्यांची, नवऱ्यावर सुरा चालवून आत आलेली बाई. बादली शेवटी तिनेच पटकावली होती. तिने ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि बुडाची कड घोडीच्या उजव्या गुडघ्यावर आणली. मग पुन्हा. मग पुन्हा. दर घावाला लाकूड फोडणाऱ्या माणसासारखा हुंकार देत होती. पहिल्या घावाला घोडी किंचाळली. नंतरच्यांचा नुसता आवाज तिला ऐकू आला, ओल्या फांदीसारखा, आणि तो आपल्याच आतून येतोय हे तिला जरा उशिराने समजलं.

जबडा तारेने बांधला. गुडघ्यात पट्टी आणि स्क्रू बसवले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, जिने चढता येतील, देवाचे आभार माना. पळण्याचं तिने विचारलं तेव्हा ते हसले. नोकरी गेली नाही. तिला बाहेरच्या फाटकावर, भेटीला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासायला बसवलं. कुलूप लावणारी पहारेकरीण रोज तिला नमस्कार करून आत जायची आणि घोडी रोज तिच्याकडे न बघता पिशवीत हात घालायची.

तुरुंगात जे झालं ते झालं. पण आता ते घरी यायला लागलं. आधी कपबशा फुटल्या. मग नवऱ्याने गिऱ्हाइकासमोर तिला "जरा हळू बोल" म्हटलं, तर तिने गरम इस्त्री उचलून त्याच्यावर फेकली. ती आरशाला लागली. गिऱ्हाईक अर्धवट शिवलेल्या सदऱ्यातच बाहेर पळालं. आणि एका संध्याकाळी मुलीने उलट उत्तर दिलं, तेव्हा हिने तिच्या अशी थोबाडीत मारली की पोरीचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून कॉलेजच्या वहीवर पडलं. मुलगी रडली नाही. नुसती आईच्या हाताकडे बघत राहिली.

सासूबाई कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्या उठल्या, सुनेच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. सुनेच्या खांद्याला लागतील एवढीच त्यांची उंची.

"पोरीवर हात टाकायचा नाही," त्या म्हणाल्या. "खाज असेल तर मला मार. मी एका फटक्यात जाईन. तुलाही सोयीचं, तुरुंग ओळखीचाच आहे."

"आई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्येच राहते, दुसरीकडे जागा कुठाय? ते तुझे बूट कपाटावर धूळ खातायत. घाल आणि चालती हो. दमून ये. मग अंगात उरलं तर मार कुणाला मारायचं ते."

ती खरंच गेली. रागाने गेली, लंगडत, घरच्याच कपड्यांत. दोन दिव्याच्या खांबांमधलं अंतर पळाली आणि गटाराशी वाकून ओकली. गुडघा रात्रीतून दुधीएवढा झाला. दुसऱ्या दिवशी तो तसाच घेऊन ती तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टकडे गेली. तो तरुण, रोखठोक माणूस होता. त्याने आधी मांडी चाचपली.

"गुडघ्याचं सोडा, मांडीत जोरच नाहीये. आधी ती करू. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. आणि इतकं हळू पळायचं की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात."

"शेजारी कुणी नसतं."

"मग स्वतःशी बोला."

ती बोलायला लागली. पण गप्पा नव्हत्या त्या, शिव्या होत्या. डांबरावर पडणारं उजवं पाऊल मांजरीच्या तोंडावर पडतंय असं ती मनात धरायची. एक पाऊल नाकावर, पुढचं दातांवर. त्यानेच तिचे पाय उचलले जायचे. समोरून येणारे लोक ही पुटपुटणारी बाई बघून रस्ता बदलायचे. एकदा एक कुत्रं पोटरीला चावलं, तर तिने त्याला बरगडीत अशी लाथ घातली की ते केकाटत कालव्यात पडलं, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. इंजेक्शनं घेतली आणि आठवड्याने पुन्हा बाहेर पडली. गुडघ्याला बर्फ लावायची, दगड बांधून पाय उचलायची, जिन्यावर एका पायाने चढउतार करायची. एका मिनिटाची पाच झाली, पाचाची वीस झाली. घरात कपबशा टिकायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, भांड्यांचा खर्च वाचला."

वर्ष उलटून गेल्यावर एका सुट्टीच्या सकाळी ती बऱ्याच दिवसांनी जुन्या पुलाच्या पुढे, गोदामांच्या रस्त्यावर गेली. तिथे एका ट्रकमधून क्रेट उतरवत होते. उतरवणाऱ्यांत एक बाई होती. बारीक अंगाची. तिने क्रेट खांद्यावर घेतला, वळली, आणि घारे डोळे सरळ घोडीवर आले.

घोडी जागच्या जागी थांबली. तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात, तशी खरंच गेली, गुडघ्यातून वर. मांजरीची शिक्षा कधी संपली, ती कधी सुटली, हिला पत्ताच नव्हता. फाटकावर बसून दुसऱ्यांच्या पिशव्यांत हात घालताना ती नेमकी कुठल्या दिवशी समोरून निघून गेली?

घोडीने तिच्याकडे पाहिलं आणि चालायला लागली, सरळ तिच्या दिशेने. मांजरीच्या हातून क्रेट सुटला. ती मागे फिरली आणि धूम पळत सुटली.

पहिल्या वळणापर्यंत ती वाऱ्यासारखी गेली. तिशीची होती, पायात काही नव्हतं, जीव खाऊन पळत होती. घोडीने घाई केली नाही. श्वास सांभाळला, खांदे सैल सोडले, आणि आपल्या चालीत मागे लागली. मांजरीला पुढचा अर्धा किलोमीटर चांगला जाईल आणि मग छाती फुटेल, हे तिला जसं स्वतःच्या घराचा जिना ठाऊक असावा तसं ठाऊक होतं. मांजरी मागे वळून बघायची, पुन्हा जोर लावायची, पुन्हा ढेपाळायची. प्रत्येक वेळी घोडी जवळ आलेली असायची, त्याच चालीने. घोडीला वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं. गंमत वाटत होती तिला, हेही सांगायला हवं.

बंद पडलेल्या वीटभट्टीशी रस्ता संपला. मांजरी पडक्या भिंतीवर चढायला गेली आणि घसरली. घोडीने तिला केसांना धरून खाली ओढलं.

मग बोलणं नव्हतंच. घोडीने तिचं तोंड भिंतीवर आपटलं. मांजरी वळली आणि तिच्या मनगटाला चावली, दात हाडाला लागेपर्यंत. दोघी राखेत पडल्या. मांजरीची टाच नेमकी त्या गुडघ्यावर बसली, आणि घोडीच्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. हाताला अर्धी वीट लागली. तिने ती उचलली आणि मारली. डोक्यावर मारायची होती. मांजरीने मान काढून घेतली आणि वीट खांद्याजवळच्या हाडावर बसली. कडकन आवाज झाला. तो आवाज घोडीला ओळखीचा होता.

तिने वीट पुन्हा उचलली. मांजरी खाली पडून एका हाताने तोंड झाकत ओरडली, "मारून टाक! पण त्याला सांग, पोरगी माझ्याकडे नाही! त्याला सांग तुझ्या भावाला!"

वीट हवेत राहिली.

"कुठला भाऊ?"

"तू माझ्या नवऱ्याची चुलत बहीण ना? तीच ना तू, फोनवरून मला कापीन म्हणणारी?"

"माझ्याकडे नीट बघ," घोडी म्हणाली. तिला धाप लागली होती, पळताना लागली नव्हती. "बघ नीट. मी कोण?"

मांजरीने बघितलं. नाकातलं रक्त बाहीने पुसून पुन्हा बघितलं. त्या घाऱ्या डोळ्यांत भीती होती, दुखणं होतं, पण ओळख नव्हती.

"जेवणाची शेड," घोडी म्हणाली. "बादली. माझा गुडघा."

मग मांजरी म्हणाली, "त्या दिवशी... मला आठवत नाही बाई. खूप जणी होत्या. मी कुणाला तरी मारत होते, एवढं आठवतंय. तू होतीस का ती?"

"मी होते."

"असशील," मांजरी म्हणाली. माफी मागितली नाही. डोळे मिटले आणि तुटलेला खांदा धरून विव्हळायला लागली.

घोडीने वीट टाकली. ती हरल्यासारखी तिथेच राखेत बसली. कित्येक महिने जिच्या तोंडावर पाय देत ती पळत होती, त्या तोंडाला ती माहीतच नव्हती. मग तिने अंगावरचं जाकीट काढून मांजरीचा हात छातीशी बांधला, रस्त्यावर येऊन टेम्पो थांबवला आणि तिला दवाखान्यात नेलं. वाटेत दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. टेम्पोवाला आरशातून दोघींकडे बघत होता.

"कशाने लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पडले," मांजरी म्हणाली.

"पडली नाही," घोडी म्हणाली. "मी मारलं. विटेने."

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना बोलावलं. मांजरीने त्यांना आपला पत्ता सांगायला साफ नकार दिला. तक्रार करायची नाही, भिंतीवरून पडले, ही बाई वेडी आहे, एवढंच ती धरून बसली. पत्ता कागदावर गेला की दुसऱ्या दिवशी नणंद दारात, हे तिने पोलिसांना सांगितलं नाही, घोडीला सांगितलं. पोलीस निघून गेले. घोडीने दुसऱ्या दिवशी तुरुंगात मोठ्या बाईंनाही सगळं सांगितलं. त्यांनी खुर्चीतून उठून दार लावलं.

"तू मला काही सांगितलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. "जा, पिशव्या बघ."

शिक्षा कुणीच करेना, याचाच तिला त्रास व्हायला लागला. घरी शिंप्याने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची बाही त्याने आखूड कापली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "इस्त्री फेकलीस तेव्हा मला वाटलं, गुडघा दुखतो म्हणून. या वेळी तर गुडघा बरा होता."

"हो," ती म्हणाली.

"पळणं सोडणार?"

"नाही."

तो उठला आणि माळ्यावरची जुनी सायकल खाली काढायला लागला.

"मला सोबत नको कुणाची. मला कोण काय करणार आहे?"

"तुझ्यासाठी नाही येत," शिंपी म्हणाला. "लोकांसाठी येतोय."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. घोडी मात्र हसली नाही. तिने सायकलच्या टायरमध्ये हवा भरली.

गुडघ्याची सूज उतरायला सहा-सात आठवडे गेले. मग दोघं निघाली. पहिल्या दिवशी तोच आधी दमला. गोदामांच्या रस्त्यावर तिने एका हमालाला विचारलं. तो म्हणाला, ती घाऱ्या डोळ्यांची? हात गळ्यात बांधून आली होती एकदा, मजुरी घेऊन गेली, आता दिसत नाही. कुठे गेली, ते त्याला ठाऊक नव्हतं. नणंदेने तिला गाठलं की नाही, तेही नाही.

त्या थंडीत घोडी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत पळाली. शेवटून मोजलं तर लवकर सापडली असती. पंधराव्या किलोमीटरला मागून कुणाची तरी जोरात पावलं आली आणि तिची मूठ आपोआप आवळली. ती कुठलीशी शाळकरी मुलगी होती. "मावशी, जरा बाजू!" म्हणत पुढे निघून गेली. घोडीने मूठ सोडवली. बोटं एकेक करून सरळ करावी लागली.

रस्त्याकडेला सायकलची साखळी पडली होती आणि शिंपी काळ्या हातांनी ती चढवत होता.

"थांब की गं!" तो ओरडला.

"लोकांना सांभाळा तुम्ही," ती म्हणाली, आणि पुढे गेली.