डाव्या हाताने वाढलेलं ताट

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं आलात, तेव्हा हॉटेलात बसल्या बसल्या तुमचा वाद झाला होता. दादाचं म्हणणं, ज्या मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो असतात तिथलं जेवण हमखास वाईट असतं. ताईचं म्हणणं, फोटो नसले तर काय मागवायचं ते कळणार कसं? तुम्ही माझं मत विचारलंत, तेवढ्यात सूप आलं आणि विषय राहून गेला. माझं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून लिहून पाठवते.

तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी. मी त्यांना वन्सं म्हणते. यजमान गेल्यावर त्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहात होत्या. मुलगा बंगळुरूला. प्रत्येक फोनवर तो म्हणायचा, "आई, आता इकडेच ये." वन्संना जायचं नव्हतं. तिथे त्यांच्यासाठी वेगळी खोली होती, सून स्वभावाने चांगली होती, पण दिवसभर करायला काही नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्याच इमारतीखालचा गाळा भाड्याने घेतला आणि खानावळ काढली. मुलाला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. नाही चालली तर येते तुझ्याकडे." तो लगेच कबूल झाला. खानावळ चालणार नाही, याची त्याला खात्री असावी.

जागा खरं तर चांगली होती. आसपास कॉलेजं, आणि त्यांत देशभरातून आलेली मुलं. पण दाराशी फळ्यावर मराठीत लिहिलेलं असायचं: पिठलं, भरली वांगी, अळूची भाजी. मुलं फळ्याकडे बघत, आत डोकावत आणि समोरच्या नूडल्सच्या गाडीकडे वळत.

वन्संनी मला आठवडाभर मुक्कामाला बोलावलं. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, जन्मभर कॉलेजात तेच शिकवलेलं. इंग्रजी मेनूचं काम माझ्याकडे येणं साहजिक होतं. मी ते नीट केलं. प्रत्येक पदार्थाचं नाव आणि खाली एका ओळीत वर्णन. पिठल्याला लिहिलं, 'सेव्हरी ग्रॅम फ्लोअर पॉरिज'. कढीला, 'वॉर्म स्पाइस्ड बटरमिल्क'. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी एका मुलाने ते मित्राला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वन्संना अदबीने विचारलं, "आंटी, यह पेशंट लोगों का खाना है क्या?"

रात्री वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता फोटोच लावू या."

मी विरोध केला. फोटो म्हणजे लेखी करार, असं माझं म्हणणं. आपल्या पुण्यात माणूस फोटो ताटाशेजारी धरून ताडून बघणार, आणि मग तुम्ही उत्तरं देत बसणार. तुमच्या आजोबांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "लावा की. फक्त खाली लिहा, फोटो खाऊ नये." या घरात सल्ला मागितला की असाच मिळतो.

जवळच एक फोटोग्राफर होता. तो लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायचा, अन्नाचा फोटो आयुष्यात पहिल्यांदाच काढत होता. त्याने सगळे पदार्थ एकेक करून टिपले आणि पिठल्यापाशी अडला.

"मावशी, हे नुसतंच पिवळं दिसतंय. वरून जरा तेल सोडू का? चमकेल."

"पिठलं पिवळंच असतं. निळं दिसलं तर सांगा."

शेवटचा फोटो पूर्ण ताटाचा. वन्संनी ते ताट अगदी मन लावून वाढलं. वरती मधोमध मीठ. डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या बाजूला भाज्या, आमटी. मध्ये भाताची मूद, आणि तिच्यावर वन्संचा हात साजूक तूप वाढतोय. फोटो झाल्यावर त्यांनी ते ताट फोटोग्राफरलाच जेवायला दिलं.

कार्डं छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून आली ती ऐन संध्याकाळी. वन्संनी गठ्ठा सोडला आणि कार्डं तशीच टेबलांवर मांडली. त्या संध्याकाळी मुलं आत आली ती बाहेर गेली नाहीत. कुणाला काही विचारायची गरज नव्हती. बोट ठेवायचं, मान हलवायची. पिठल्यावर बरीच बोटं पडली. वन्सं भाकऱ्या थापत होत्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या.

तेवढ्यात त्यांच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं, मग ताट आल्यावर ते शेजारी धरलं. मी वन्संकडे पाहिलं.

"फोटोत लिंबाची फोड मोठी दिसतेय."

"तीच हवी असेल तर कापून देते," वन्सं म्हणाल्या. "पण प्लॅस्टिकसकट खावी लागेल."

गृहस्थ हसले नाहीत. कार्ड थोडं लांब धरून म्हणाले, "आणि हे काय हो? डावखुऱ्यांची खानावळ आहे का?"

वन्संनी कार्ड हातात घेतलं. छापणाऱ्याने, पानावर ते बरं दिसावं म्हणून असेल, ताटाचा फोटो उलटा करून टाकला होता. चटणी उजवीकडे गेली होती, भाज्या डावीकडे. आणि भातावर तूप पडत होतं ते डाव्या हाताने.

तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पण वन्सं ज्या घरात वाढल्या तिथे डाव्या हाताने कुणाला साधं पाणीसुद्धा दिलं जात नसे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्यांनी कार्डं गोळा केली आणि कपाटात घातली.

"पुन्हा छापून घेऊ," मी म्हटलं.

"नको. माझ्या नावाने प्रत्येक टेबलावर डाव्या हाताने वाढलेलं ताट ठेवून झालंय. ज्याने पाहायचं त्याने पाहिलं. मुलाला कळवते, येते म्हणून."

"दिवाळीला अजून अवकाश आहे."

"मग भांडी आवरायला वेळ मिळेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला तो केवळ भाज्या आणून ठेवल्या होत्या म्हणून. संध्याकाळी मुलं आली, मित्रांना घेऊन आली. टेबलावर हात फिरवून विचारू लागली, "आंटी, वह फोटोवाला कार्ड?" वन्सं म्हणाल्या, हरवलं. मुलं उठायला लागली. मी कपाटाकडे पाहिलं, मग वन्संकडे. त्यांनी एक निःश्वास टाकला आणि कार्डं काढून दिली.

एक केरळची मुलगी कार्ड बराच वेळ निरखत होती. मग तिने मला इंग्रजीत विचारलं, हा फोटो उलटा छापला गेलाय का? कशावरून म्हणतेस, मी विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे केळीच्या पानावर मीठ-लोणचं डावीकडेच असतं. आणि वाढताना डावा हात लावला तर आजी पानावरून उठवेल.

मी हे वन्संना मराठीत सांगितलं. त्या पिठाचे हात घेऊन तशाच बाहेर आल्या.

"हिच्या आजीला कळतं म्हणावं."

मग त्यांनी त्या मुलीचं ताट सगळ्यांना दिसेल असं उचललं आणि आपल्या हिंदीत समजावून सांगितलं. डावीकडचं चवीपुरतं, चिमटीने घ्यायचं. उजवीकडचं पोटभर, तिकडे हात सारखा जाणार, म्हणून ते जवळ. मुलं ऐकत होती. एकाने कार्ड मोबाइलसमोर धरून फोटो काढला, स्क्रीनवर तो उलटा करून दाखवला आणि म्हणाला, "आंटी, अब राइट हैंड है." वन्संनी चष्मा वर सरकवून खात्री करून घेतली.

कार्डं पुन्हा छापून घेतली, पण नंतर, सवडीने. तोवर तीच टेबलांवर राहिली, आणि नवीन मूल आलं की जुनी मुलं त्याला ताटाची उलटसुलट बाजू समजावून सांगत.

तर माझं मत असं. माझं वर्णन बिनचूक होतं आणि त्याने कुणाला भूक लागली नाही. फोटो चुकीचा होता आणि लोक जेवून गेले, शिवाय बोलू लागले. फोटो असावेत. मात्र जे ताट खरोखर कुणाला तरी जेवायला दिलं, त्याचेच असावेत.

दिवाळीच्या आधी मुलगा आला, परतीची दोन तिकिटं काढून. संध्याकाळची वेळ होती, बसायला खुर्ची नव्हती, बाहेर मुलं ताटकळत उभी होती. तो आतल्या दारापर्यंत गेला.

"आई, कधी निघायचं?"

"मे महिन्यात येते," तव्यावरची भाकरी उलटत वन्सं म्हणाल्या. "परीक्षा संपून मुलं घरी गेली की. दहा-बारा दिवस राहीन, मग मला मसाला करायचा असतो."

तो बाहेर आला, मोबाइल काढला आणि एक तिकीट रद्द केलं. जेवायला म्हणून पुन्हा आत शिरायला लागला, तर दारातल्या मुलांनी त्याला अडवलं.

"भैया, लाइन पीछे से है."