मधल्या खोलीतली गव्हाची पोती

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आईने तिला मधली खोली दिली. आष्टीजवळच्या आमच्या घरात वारा बिलकुल शिरत नाही अशी हीच एक खोली. दार एक, खिडकी एक, आणि त्या खिडकीलाही आईने गोणपाट ठोकलं. बाहेर उन्हाचा भडका आणि आत खाटेखाली शेगडी. बाळंतिणीला वारं लागलं की जन्माचं दुखणं मागे लागतं, ही आमच्याकडची पक्की समजूत. तिच्यापुढे नर्सबाईचं चालत नाही, माझं तर नाहीच नाही.

वर्षाचा गहूही याच खोलीत. ओल नाही, उंदीर नाही, म्हणून पोती तिथेच लागतात. वडील गव्हाला जपतात तेवढं त्यांनी आम्हा बहिणींनाही जपलं नसेल, असं आम्ही त्यांना चिडवायचो. बहीण मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि पाठोपाठ गहूही आला. कीड लागू नये म्हणून वडिलांनी दुकानातून गोळ्या आणल्या, चिंध्यांत बांधून पोत्यांच्या मध्ये खोचल्या आणि वरून ताडपत्री टाकली. दुकानदाराने बजावलं होतं, खोली घट्ट बंद ठेवा, तरच गोळी काम करते. खोली तर आधीपासूनच बंद होती. वडिलांना वाटलं, बराबर झालं.

या गोळ्यांना हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो. त्याने किडे मरतात, आणि माणसंही मरतात. पण घरोघर त्या टाकतात, त्यांना ‘दवा’ म्हणतात, आणि दवेने कुणी मरतं हे डोक्यातच येत नाही. त्या वायूला लसणासारखा वास येतो. आता बाळंतिणीच्या खोलीत दुसरा कसला वास असतो? ओवा आणि लसणाच्या सालांची धुरी, दूध यावं म्हणून लसणाची चटणी. अशा ठिकाणी लसूण घमघमला तर कोण दचकणार? उलट आईला बरंच वाटलं असेल.

गोळ्या टाकल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्याहून पोहोचले. बहीण भिंतीला टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा.

“पित्त झालंय तिला,” आई म्हणाली. “पहाटेपासून उलट्या करू राह्यली. माझंबी डोकं ठणकतंय, पण ते जागरणानं.”

“अन् लेकरू?”

“लेकरू लई गुणाचं. रडत न्हाई की काही न्हाई.”

मी गुणाच्या लेकराला उचललं. रात्रीपासून ती प्यायली नव्हती. ओठ निळसर दिसत होते, आणि तिचा हात वर करून सोडला तर तसाच खाली पडला. मी ओरडले. आई म्हणाली, दृष्ट काढू, मंग बघू. तेव्हा मी आईला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वडील “जल्दी करा, जल्दी” म्हणत शेजाऱ्याची जीप घेऊन आले आणि आम्ही निघालो.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मुलीला घेतलं, मग बहिणीला. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, “घरात धान्याला गोळ्या टाकल्यात का?”

“टाकल्या ना,” वडील म्हणाले. “पण लेकरापाशी न्हाई टाकल्या, साहेब. पोत्यात टाकल्या.”

“पोती कुठं आहेत?”

वडील हळूहळू खाली बसले. डॉक्टर रागावले नाहीत. यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवायचा एवढंच आमच्या हातात आहे, असं सांगून ते आत गेले.

तेव्हापासून गव्हाच्या हंगामात मी नातेवाइकांना नकोशी होते. कुणाकडे गेले की आधी पोती कुठे आहेत ते बघते. माणसं झोपतात त्या घरात या गोळ्या नकोत, म्हणजे नकोत. शेजारच्या खोलीतही नकोत, वायू दाराखालून येतो. गहू उन्हात कडक वाळवा, कडुलिंबाचा पाला घाला, थोडी कीड लागली तर चाळून घ्या. आणि गोळ्या टाकल्या असतील अन् घरातल्या दोघातिघांना एकदम मळमळलं, डोकं दुखलं, तर पित्त म्हणत बसू नका. सगळ्यांना उघड्यावर आणा, दवाखाना गाठा, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत गोळ्यांचं सांगा. लोक ऐकून घेतात. मग कुणीतरी म्हणतंच, “आम्ही इतके वर्षं टाकू राह्यलो, काही झालं न्हाई.” एका लग्नात तर एक मावशी म्हणाल्या, चांगल्या कार्यात असलं काढू नये. कधी काढायचं मग? माझं डोकं फिरतं, आणि फिरावंच.

त्या दिवशी दवाखान्यात, उन्हं उतरल्यावर बहिणीला जरा हुशारी आली. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, आवाज खोल गेला होता. मुलगी दुपारीच गेली होती. वडील व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तोंडात पदराचा बोळा. बहिणीने अंगावरची चादर चाचपली, खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई, दूध भरून आलंय. भूक लागली असंल तिला. आण ना इकडं.”

आई बाहेर निघून गेली. मी खाटेच्या कडेला बसले, बहिणीचा हात धरला आणि तिला सांगितलं.